गुरे दगावल्यास शासकीय मदत कशी मिळवावी: कोकणातील नव्या पशुपालकांसाठी

मे महिन्याच्या अखेरीस दुपारी ढग भरून येतात आणि सड्यावर (कातळाच्या माळावर) चरायला सोडलेली गुरे काजूच्या किंवा आंब्याच्या झाडाखाली गोळा होतात. आमच्या शेजारच्या वाडीत अशाच एका दुपारी वीज पडून दोन दुभत्या म्हशी जागच्या जागी मेल्या. मालक मुंबईतली नोकरी सोडून दोनच वर्षांपूर्वी गावी परतलेले होते आणि गुरांचा अनुभव तेवढाच होता. वास सुटेल, कुत्री ओढतील, लहान मुले घाबरतील, या काळजीने त्यांनी संध्याकाळीच जेसीबी बोलावून दोन्ही म्हशी पुरून टाकल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तलाठ्यांकडे गेले. आता पंचनामा कशाचा करायचा, असे तलाठ्यांनी विचारले, आणि त्यांचे विचारणे रास्तच होते. त्या एका संध्याकाळच्या घाईत ७५,००० रुपयांची मदत हातची गेली.

गेल्या काही वर्षांत पंचक्रोशीतल्या अनेकांच्या कागदपत्रांसाठी मी त्यांच्यासोबत तहसील कार्यालयात गेलो आहे. अर्ज फेटाळला जातो तेव्हा त्याचे मूळ बहुतेक वेळा दोनच ठिकाणी सापडते: पावसाळ्याआधी जे करायचे राहून गेले त्यात, किंवा जनावर मेल्यानंतरच्या पहिल्या दिवशी जे घाईघाईने उरकले गेले त्यात. म्हणून या लेखात या दोन टप्प्यांवरच अधिक लिहिले आहे. त्यानंतरचा कागदांचा प्रवास आपल्या हातात फारसा नसतो, त्यामुळे तो थोडक्यात आटोपला आहे.

पायरी पहिली: मे महिन्यातच करून ठेवायची कामे

सर्वांत आधी कानातला टॅग. बारा अंकी क्रमांकाचा हा पिवळा बिल्ला पशुवैद्यकीय दवाखान्यातून मारून मिळतो आणि त्या क्रमांकाखाली जनावराची जात, वय, लसीकरण आणि मालकाचे नाव यांची नोंद ‘भारत पशुधन’ या संगणकीय प्रणालीत होते. १ जून २०२४ पासून राज्यात या टॅगशिवाय जनावरांची खरेदी-विक्री आणि वाहतूक करता येत नाही, आणि नैसर्गिक आपत्तीत, विजेच्या धक्क्याने किंवा वन्य प्राण्याच्या हल्ल्यात जनावर दगावल्यास टॅग नसेल तर शासनाकडून भरपाई देय नाही. शेळ्यांच्या बाबतीत लोक हे विसरतात. म्हशीच्या कानात टॅग असतो आणि मागच्या परड्यातल्या अकरा शेळ्यांपैकी एकीच्याही कानात तो नसतो.

आपल्याकडे एक खास अडचण आहे. गुरे करवंदीच्या जाळ्यांत शिरतात, टॅग अडकतो, कान फाटतो आणि टॅग रानातच पडून राहतो. महिन्यातून एकदा, पाणी पाजताना किंवा गोठ्यात बांधताना, प्रत्येक जनावराचा कान पाहण्याची सवय लावून घ्यावी. टॅग पडलेला दिसला तर दवाखान्यात कळवून नवा मारून घ्यावा आणि नवा क्रमांक जुन्या नोंदीला जोडला गेला आहे ना, हे तिथेच विचारून घ्यावे. पाटी, वही किंवा गोठ्याच्या चौकटीवर खडूने लिहिलेले क्रमांक पावसात पुसले जातात; म्हणून टॅग स्पष्ट वाचता येईल असा प्रत्येक जनावराचा फोटो मोबाइलमध्ये असावा आणि तोच घरातल्या दुसऱ्या कुणाच्या मोबाइलवरही पाठवून ठेवावा.

टॅग कुणाच्या नावावर आहे, हा पुढचा प्रश्न. कोकणात सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावे असतात, घराचा असेसमेंट उतारा मुंबईतल्या काकांच्या नावावर असतो, आणि गुरे प्रत्यक्षात सांभाळते गावी राहिलेली धाकटी सून. टॅग मारायला आलेल्या कर्मचाऱ्याने विचारले की घरातले कुणीतरी आजोबांचे नाव सांगून मोकळे होते, कारण गोठा आजोबांचा. आजोबा वारल्यावर त्याच नावावर मदत मंजूर होते आणि मग वारस दाखल्यापासून सुरुवात करावी लागते. जनावरांच्या मदतीसाठी जमिनीची मालकी हा मुख्य आधार नसतो, जनावर कुणाचे आहे हा असतो. म्हणून जो माणूस गावी राहतो, ज्याचे आधार कार्ड गावच्या पत्त्याचे आहे आणि ज्याचे बँक खाते आधारशी जोडलेले व चालू आहे, त्याच्याच नावावर टॅगची नोंद असावी. आधार, खाते आणि टॅग या तिन्हींवर नावाचे स्पेलिंग एकसारखे आहे ना, हेही एकदा ताडून पाहावे. जनावर नुकतेच विकत घेतलेले असेल तर आधीच्या मालकाच्या नावावरची नोंद आपल्याकडे वळवून घेतल्याखेरीज व्यवहार पुरा झाला असे समजू नये.

पावसाळ्यापूर्वीचे लसीकरण हे जनावराच्या जिवासाठी तर आहेच, पण मदतीशीही त्याचा संबंध आहे. घटसर्प आणि फऱ्या हे रोग पावसाच्या तोंडावर उसळतात, आणि पूर येऊन गेल्यानंतर चौथ्या दिवशी गाय मेली तर ती पुराने मेली की घटसर्पाने, हा प्रश्न पशुवैद्यकांना पडणे स्वाभाविक आहे. लसीकरणाची नोंद टॅगखाली असेल तर तो प्रश्न बराच सोपा होतो.

पायरी दुसरी: कोणत्या कार्यालयात जायचे, हे मृत्यूच्या कारणावरून ठरवा

नव्या माणसाचा सर्वांत मोठा गोंधळ इथे होतो. ‘सरकारी मदत’ असे आपण एका दमात म्हणतो, पण तिच्या मागे किमान तीन वेगवेगळी खाती आहेत आणि प्रत्येकाचे नियम निराळे आहेत.

पूर, चक्रीवादळ, दरड कोसळणे, ढगफुटी, गारपीट, भूकंप, आग या केंद्राने मानलेल्या आपत्ती आहेत. त्यांखेरीज महाराष्ट्राने वीज कोसळणे, अवेळी पाऊस, अतिवृष्टी, समुद्राचे उधाण आणि आकस्मिक आग यांनाही राज्याची आपत्ती म्हणून मान्यता दिलेली आहे. यांपैकी कशानेही जनावर गेले तर काम महसूल खात्याचे: आधी तलाठी, ज्यांचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहे, मग मंडळ अधिकारी आणि तहसीलदार. समुद्राचे उधाण या शब्दांकडे किनाऱ्यावरच्या पशुपालकांनी विशेष लक्ष द्यावे. अमावास्या-पौर्णिमेच्या भरतीला खाडीचा खार बंधारा फुटून पाणी खाजणात (खाडीलगतच्या सखल जमिनीत) शिरते आणि तिथे बांधलेली शेरडे बुडतात, तेव्हा ‘पाऊस नव्हता, मग पूर कसा’ असे म्हणून लोक स्वतःच घरी बसतात. अशा वेळी अर्जात ‘उधाणामुळे’ असेच लिहावे. अतिवृष्टीसाठी मात्र पर्जन्यमापकाचा आकडा पाहिला जातो. त्या महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला असावा लागतो, आणि आपल्याकडे जुलैत हा आकडा गाठणे कठीण नाही.

बिबट्या, गवा, रानडुक्कर, कोळसुंदे (रानकुत्रे), हत्ती किंवा मगर यांनी जनावर मारले तर काम वन खात्याचे. तिथे तहसील कार्यालयात खेटे घालून उपयोग नाही. वनरक्षक किंवा वनपाल यांना ४८ तासांच्या आत कळवावे लागते, आणि १९२६ हा वन खात्याचा मदत क्रमांक त्यासाठी वापरता येतो. शव होते त्या जागेवरून हलवायचे नाही, ही इथली पक्की अट आहे. बिबट्याने शेळी ओढत व्हाळात (ओढ्यात) नेली असेल तर ती तिथेच राहू द्यावी, फार तर भोवती काटेरी कुंपण टाकावे. गावातल्या मोकाट कुत्र्यांनी मारलेल्या शेळ्यांना वन खाते भरपाई देत नाही, आणि अनुभवी वनरक्षकाला दोन्हींतला फरक बहुधा जखमेवरून कळतो: बिबट्या गळ्यावर दात रोवतो, कुत्री मागचा भाग आणि पोट फाडतात. ज्यांच्याकडे शेळ्या आहेत त्यांनी हा फरक आधीच पाहून घ्यावा, म्हणजे उगाच दोन दिवस वाया जात नाहीत. संतापाच्या भरात शवावर विष टाकण्याचा विचार काहींच्या मनात येतो. तो गुन्हा आहे आणि त्याने भरपाई तर जातेच.

तिसरे खाते विजेचे. आपल्या बोलण्यात ‘वीज पडली’ आणि ‘करंट लागला’ हे वेगळे असते, पण अर्ज लिहिताना लोक ‘विजेमुळे मृत्यू’ असे लिहितात आणि अर्ज भलत्याच टेबलावर जाऊन पडतो. आकाशातून वीज कोसळली असेल तर महसूल खाते. वादळात तुटून पडलेल्या तारेचा, किंवा विजेच्या खांबाला आधार देणाऱ्या ताणाच्या तारेत उतरलेल्या प्रवाहाचा धक्का बसला असेल तर वीज वितरण कंपनीचे स्थानिक कार्यालय आणि शासनाचे विद्युत निरीक्षक. विद्युत निरीक्षकांच्या अहवालावर पुढचे सगळे अवलंबून असते, म्हणून त्यांच्याकडे लेखी खबर गेल्याची खात्री करावी, आणि तार तुटून पडलेली असेल तर जनावराजवळ जाण्याआधी प्रवाह बंद करून घ्यावा. जनावर वाचवायला गेलेला माणूस त्याच तारेला चिकटल्याच्या घटना घडतात.

साप चावून, विहिरीत पडून, पोट फुगून किंवा म्हातारपणाने मेलेले जनावर यांपैकी कशातही बसत नाही. त्यासाठी पशुधन विमा हाच उपाय. राष्ट्रीय पशुधन अभियानाखालच्या विम्यात २०२४ पासून पशुपालकाला हप्त्याचा १५ टक्के वाटाच भरावा लागतो, त्यामुळे दुभत्या जनावरांचा तरी विमा काढावा असे मी सुचवीन. साथीच्या रोगांची गोष्ट निराळी. त्यासाठी शासन त्या त्या वेळी स्वतंत्र निर्णय काढते. २०२२ च्या लम्पी साथीत गायीसाठी ३०,०००, बैलासाठी २५,००० आणि वासरासाठी १६,००० रुपये राज्याने दिले होते. साथ ओसरल्यावर ती योजना तशीच चालू असेल, असे गृहीत धरू नये.

पायरी तिसरी: पहिला दिवस

जनावर मेलेले दिसले की पहिला फोन तलाठ्यांना किंवा, प्रकरण वन खात्याचे असेल तर, वनरक्षकांना करावा. दुसरा पशुवैद्यकीय दवाखान्यात. तिसरा पोलीस पाटलांना. फोन लागला नाही तर व्हॉट्सॲपवर संदेश आणि फोटो पाठवावेत, कारण त्यावर तारीख आणि वेळ उमटते. सड्यावर रेंज नसते, तेव्हा फोटो आधी काढून घ्यावेत आणि रेंजमध्ये आल्यावर पाठवावेत. तहसील कार्यालयाचा आपत्ती कक्ष किंवा जिल्ह्याचा १०७७ हा क्रमांक पावसाळ्यात चालू असतो. तिथे दिलेल्या खबरेची नोंदवहीत नोंद होते आणि ती नोंद पुढे उपयोगी पडते.

फोटो कसे काढावेत, हे सांगणे जरुरीचे आहे, कारण मी पाहिलेल्या बहुतेक फोटोंत फक्त मेलेल्या जनावराचे पोट दिसते. पहिला फोटो लांबून, ज्यात जनावर आणि ओळखता येईल अशी खूण (झाड, गोठा, साकव, बांध) एकत्र दिसेल. दुसरा टॅगचा, क्रमांक वाचता येईल इतका जवळून. तिसरा जखमेचा किंवा मृत्यूच्या खुणेचा: विजेने झाडाची साल सोलली गेली असेल तर ती, कोसळलेली भिंत, पुराच्या पाण्याची गोठ्याच्या भिंतीवरची चिखलाची रेघ, गळ्यावरचे दातांचे ठसे. चौथा मालकासह. ठिकाण, तारीख आणि वेळ फोटोवरच उमटवणारे कॅमेऱ्याचे ॲप मोबाइलमध्ये आधीच घालून ठेवले असेल तर उत्तम.

विजेच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अंगावर जळाल्याचा चट्टा प्रत्येक वेळी दिसतोच असे नाही. वीज झाडावर पडून जमिनीतून जनावराच्या पायांत शिरली तर कातडीवर काहीच दिसत नाही, फक्त तोंडात अर्धवट चावलेले गवत राहते आणि एकाच झाडाखाली दोन-तीन जनावरे एकदम पडलेली असतात. हे तोंडातले गवत, झाडाची अवस्था आणि जनावरांची मांडणी, सगळे फोटोत यायला हवे.

शवाला हात न लावता ते सांभाळायचे कसे, हा कोकणातला खरा प्रश्न आहे. दमट हवेत सहा-आठ तासांत पोट फुगते आणि रात्री कोल्हे-कुत्री येतात. शवावर ताडपत्री टाकून कडेला दगड लावावेत आणि रात्री कुणीतरी आळीपाळीने लक्ष ठेवावे. एवढी एक रात्र निभावली तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बहुतेक ठिकाणी पंचनामा आणि शवविच्छेदन होते. पुरात काम करताना गमबूट आणि हातमोजे वापरावेत. अंगावर लहानशी जखम असली तरी साचलेल्या पाण्यातून लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) बाधा होते आणि कोकणात दर पावसाळ्यात तिचे रुग्ण सापडतात.

शवच सापडले नाही तर? २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणमध्ये शिरले आणि सावित्रीचे महाडमध्ये, तेव्हा अनेक गोठे रातोरात रिकामे झाले, दिवसेंदिवस वीज आणि फोन बंद होते. अशा वेळी पोलीस ठाण्यात जनावरे वाहून गेल्याची लेखी खबर देऊन पोच घ्यावी, टॅग क्रमांक त्यात लिहावेत, आणि शेजाऱ्यांचे व पोलीस पाटलांचे जबाब पंचनाम्यात यावेत असा आग्रह धरावा. खबर उशिरा दिली असेल तर उशिराचे कारण, म्हणजे रस्ता बंद, पूल पाण्याखाली, फोन बंद, अर्जातच लिहावे. दुधाच्या डेअरीच्या पावत्या, रतीब घालणाऱ्याची वही, टॅगखालची लसीकरणाची नोंद, यांतले जे असेल ते जनावर आपल्याकडे होते हे दाखवायला कामी येते.

पायरी चौथी: शवविच्छेदन

शवविच्छेदन पशुधन विकास अधिकारी, म्हणजे पदवीधर नोंदणीकृत पशुवैद्यक करतात. दवाखान्यातला पर्यवेक्षक कितीही जाणता असला, वाडीतल्या गुरांवर वर्षानुवर्षे त्यानेच उपचार केलेले असले, तरी हा दाखला त्याच्या सहीने चालत नाही. तालुक्यात अधिकाऱ्यांच्या जागा रिकाम्या असतात आणि पुराच्या दिवसांत एकाच अधिकाऱ्याला चार गावे फिरावी लागतात, म्हणून त्यांना जागेपर्यंत नेण्याची गाडीची सोय आपण केली तर काम लवकर होते.

दाखल्यावर तीन गोष्टी नीट लिहिल्या गेल्या पाहिजेत: टॅग क्रमांक, मृत्यूचे कारण, आणि जनावराचा प्रकार. शेवटची गोष्ट लोक दुर्लक्षितात आणि पैसे तिथेच कमी होतात. पहिलटकरू गाभण पाडी ही ‘वासरू’ म्हणून लिहिली गेली तर दर जवळजवळ निम्मा होतो. म्हणून वय, शेवटचे वेत कधी झाले, दूध किती देत होती, गाभण असल्यास किती महिन्यांची, हे सगळे अधिकाऱ्यांना तोंडी सांगावे आणि दाखल्यात आले का ते पाहावे.

एक अपवाद जिवावरचा आहे. जनावर अचानक मेले असेल आणि त्याच्या नाकातून, तोंडातून किंवा गुदद्वारातून काळसर, न गोठणारे रक्त येत असेल, तर ते फाशी रोगाचे (अँथ्रॅक्सचे) लक्षण असू शकते. अशा शवाला कुणीही हात लावू नये, कातडे काढू नये, आणि ते फाडण्याचा आग्रह तर मुळीच धरू नये. पशुवैद्यकांना फोनवरच लक्षण सांगावे. हा रोग माणसालाही होतो.

शवविच्छेदनानंतर शव पुरायचे. आपल्याकडे माती दोन फूट आणि खाली कातळ, त्यामुळे लोक सोपी जागा म्हणून व्हाळाच्या काठची मऊ माती निवडतात, आणि पहिल्याच मोठ्या पावसात खड्डा उघडा पडतो. विहीर, पऱ्या आणि पाणवठ्यापासून दूर, माणसाच्या उंचीएवढा खोल खड्डा घेऊन शवावर चुना टाकावा. जांभ्या दगडातून पाणी झपाट्याने झिरपते, म्हणून विहिरीच्या वरच्या अंगाला पुरणे टाळावेच.

पायरी पाचवी: पंचनामा वाचूनच सही करा

पंचनामा सहसा तलाठी लिहितात, सोबत ग्रामपंचायतीचा अधिकारी आणि दोन पंच असतात. पावसात, छत्री धरून, गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून तो लिहिला जातो, आणि सगळ्यांनाच पुढच्या गावी जायची घाई असते. तरीही सही करण्याआधी तो मोठ्याने वाचून दाखवायला नम्रपणे सांगावे. जनावरांची संख्या आकड्यात आणि अक्षरात आहे का, टॅग क्रमांक बरोबर आहेत का, मृत्यूची तारीख आणि कारण दाखल्याशी जुळते का, गोठ्याचे नुकसान वेगळे लिहिले आहे का, हे तपासावे. एका पंचनाम्यात मी ‘म्हैस १’ असे वाचले, जागेवर दोन होत्या. लिहिणाऱ्याने दुसऱ्या पानावर दुसरी लिहिली होती आणि ते पान फायलीत लागलेच नव्हते. पंचनाम्याच्या प्रत्येक पानाचा फोटो तिथल्या तिथे काढून ठेवावा.

पंच म्हणून आपल्याच भावकीतली दोन माणसे उभी करू नयेत. शेजारच्या वाडीतला एक तरी असावा.

रक्कम किती मिळते

आपत्तीतली मदत ठरावीक दराने मिळते; बाजारभावाशी तिचा संबंध नसतो. २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी केंद्राने ठरवलेले आणि राज्याने मार्च २०२३ मध्ये लागू केलेले दर असे: दुधाळ गाय किंवा म्हैस ३७,५०० रुपये, शेळी, मेंढी किंवा डुक्कर ४,०००, ओढकामाचा बैल ३२,०००, वासरू, गाढव किंवा शिंगरू २०,०००, कोंबडी १०० रुपये, पण एका कुटुंबाला कोंबड्यांसाठी जास्तीत जास्त १०,०००. त्यापूर्वीचे दर दुधाळ जनावरासाठी ३०,००० आणि शेळीसाठी ३,००० होते, म्हणजे जुन्या माहितीपत्रकावर विसंबू नये, आणि हा कालावधी संपल्यावर घडलेल्या घटनेसाठी तहसील कार्यालयात चालू दर विचारून घ्यावेत.

या निकषांत कुटुंबामागे मर्यादाही आहे: ३ मोठी दुधाळ जनावरे किंवा ३० लहान दुधाळ जनावरे, ओढकामाची ३ मोठी किंवा ६ लहान जनावरे. पाच म्हशी वाहून गेल्या तरी तिघींचेच, म्हणजे १,१२,५०० रुपये मिळतात. ३५ शेळ्या बुडाल्या तर ३० शेळ्यांचे १,२०,००० मिळतात. परड्यातल्या २५० कोंबड्या गेल्या तर हिशेबाने २५,००० होतात, हातात मात्र १०,०००. राज्य सरकार प्रसंगी स्वतःच्या निधीतून ही मर्यादा सैल करते. २०२५ च्या पावसाळ्यातील अतिवृष्टी व पुरासाठी जाहीर झालेल्या पॅकेजात तीन जनावरांची अट काढून टाकण्यात आली होती. त्यामुळे मर्यादेबाहेरची जनावरेही पंचनाम्यात लिहून घ्यावीतच. नंतर निर्णय आला आणि पंचनाम्यात ती नसली तर काहीच करता येत नाही.

गोठ्यासाठी ३,००० रुपये आहेत, पण निकषातला गोठा हा ‘घराला जोडून असलेला’ गोठा आहे. आपल्याकडे तो बहुधा खळ्याच्या पलीकडे किंवा बागेच्या कडेला असतो, आणि त्यावरून वाद होतो. घर आणि गोठा एकाच घर क्रमांकाखाली ग्रामपंचायतीच्या उताऱ्यात असतील तर तो उतारा जोडावा. तीन हजारांत मंगलोरी कौलांचा एक कोपराही शाकारून होत नाही, हे खरे आहे, पण लिहून घ्यायला काही लागत नाही.

वन खात्याची भरपाई बाजारभावावर आधारलेली आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये वाढवलेल्या दरांनुसार गाय, म्हैस किंवा बैल मारला गेल्यास बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७०,००० रुपये, यांतली कमी असेल ती रक्कम. शेळी-मेंढीसाठी ७५ टक्के किंवा १५,०००, यांतली कमी. शेळीच्या बाबतीत हा फरक फार मोठा आहे: पुरात गेलेल्या शेळीचे ४,०००, बिबट्याने मारलेल्या चांगल्या कोकण कन्याळ शेळीचे त्याच्या दुप्पट-तिप्पट मिळू शकतात. बाजारभाव पशुवैद्यक ठरवतात, तेव्हा शेळी खरेदी केल्याची पावती असेल तर ती दाखवावी. जखमी जनावराच्या उपचाराचा खर्चही ठरावीक मर्यादेत मिळतो. त्यासाठी शासकीय दवाखान्यातला उपचार आणि त्याची नोंद लागते. फिरत्या पशुवैद्यकीय पथकाला १९६२ या क्रमांकावर बोलावता येते.

पायरी सहावी: अर्ज आणि पाठपुरावा

तहसीलदारांच्या नावे साध्या कागदावर अर्ज करून सोबत पंचनाम्याची प्रत, शवविच्छेदनाचा दाखला, फोटो, आधार कार्ड आणि बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत जोडावी. अर्ज दोन प्रतींत न्यावा आणि आवक शाखेचा शिक्का व क्रमांक आपल्या प्रतीवर घेतल्याशिवाय बाहेर पडू नये. ‘साहेबांच्या टेबलावर ठेवा’ असे कुणी म्हटले तरी ठेवू नये.

रक्कम थेट खात्यात जमा होते. खूप दिवस झाले तरी ती आली नाही तर आधी बँकेत जाऊन खाते आधारशी जोडलेले आहे का ते पाहावे. गावच्या पतपेढीत खाते आणि आधार जोडलेला मुंबईतल्या जुन्या पगाराच्या खात्याला, असा प्रकार परत आलेल्या लोकांत वारंवार आढळतो, आणि पैसे तिकडे जमा होऊन पडलेले असतात.

खात्यातही काही नसेल तर तालुक्याच्या लोकशाही दिनात (महिन्याचा तिसरा सोमवार) किंवा जिल्ह्याच्या लोकशाही दिनात (पहिला सोमवार) अर्ज द्यावा. त्याने हलले नाही तर माहितीच्या अधिकारात, १० रुपये शुल्क भरून, ‘माझ्या अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीची टिपणी’ मागावी. ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते, आणि अर्ज पोहोचताच फाइल सापडते, असा माझा तरी अनुभव आहे. तिथे भांडून मात्र काही मिळत नाही. पुराच्या काळात तलाठ्याकडे तीन-तीन सजांचे (एका तलाठ्याकडे दिलेल्या गावांच्या गटाला सजा म्हणतात) काम असते आणि त्याच्या स्वतःच्या घरातही पाणी शिरलेले असू शकते.

पैसे जमा झाल्यावर एक काम राहते. मेलेल्या जनावराचा टॅग ‘भारत पशुधन’ प्रणालीत मृत म्हणून नोंदवून घ्यावा, नाहीतर पुढच्या खेपेला तुमच्या नावावर तीच म्हैस जिवंत दिसते आणि चौकशी सुरू होते. त्याच भेटीत नव्याने आणलेल्या जनावराची नोंद करून यावी. आमच्या शेजारच्या वाडीतल्या त्या गृहस्थांनी पुढच्या पावसाळ्याआधी एक म्हैस आणि सहा शेळ्या आणल्या, आणि सातांपैकी पाचांच्या कानात टॅग होता. उरलेल्या दोन शेळ्यांना घेऊन ते जूनच्या पहिल्या सोमवारी, पाऊस लागायच्या आधी, दवाखान्याच्या ओटीवर येऊन बसले होते.